भोकं शेवटी मोजा: जुन्या गाडीची पीसीडी बदलताना ब्रेक डिस्क कशी शोधायची

नागपुरात घाट रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "डिस्क पाहिजे" म्हटलं की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, "भाऊ, किती होलची?" आपणही लगेच "चार" किंवा "पाच" सांगतो, तो एक डबा पुढे ठेवतो, आपण पैसे देऊन घरी येतो. कंपनीच्या मूळ गाडीला तशीच डिस्क बसवायची असेल तर यात काही बिघडत नाही. पण चाकांच्या नटांची मांडणी बदलायला निघालेल्या माणसासाठी हा प्रश्न सगळ्यात शेवटचा असायला हवा. भोकं पुन्हा पाडता येतात. डिस्कची जाडी, तिचा व्यास आणि तिच्या टोपीची, म्हणजे मधल्या उंच भागाची, खोली पुन्हा पाडता येत नाही. हा लेख पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांसाठी आहे. इंटरनेटवर जिला रोटर म्हणतात तिला आपले मिस्त्री डिस्क किंवा डिस्क प्लेट म्हणतात. मीही डिस्कच म्हणतो.

आधी, लोक या फंदात का पडतात ते बघू. जुन्या गाडीला चांगली चाकं मिळेनाशी होतात. मारुती ८०० ची मांडणी ४×११४.३ आहे, म्हणजे चार नट आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिमी. हीच ती पीसीडी. फियाट उनो, पॅलिओ, पुंटो यांची ४×९८. फोर्ड आयकॉनची ४×१०८. आणि अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांच्या, दुकानात भिंतीवर जी छोट्या गाड्यांची चाकं टांगलेली असतात त्यातली बहुतेक ४×१०० ची, कारण स्विफ्ट, सँट्रो, अॅक्सेंट, होंडा सिटी सगळ्या त्या मापाच्या. म्हणून माणसाला वाटतं, आपलीही गाडी ४×१०० करून टाकू, पुढची दहा वर्षं चिंता नाही. विचार चुकीचा नाही, पण चाक जिथे बसतं त्याच्या मागेच ब्रेक आहे.

कायद्याचं एका परिच्छेदात सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. आरसीवर पीसीडी लिहिलेली नसते, हे खरं. पण टायरचा बाहेरचा व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवा, चाकं मडगार्डच्या बाहेर काढू नका, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर नोंदणी नूतनीकरणाला ती तपासणीसाठी न्यावीच लागते. एमएच-३१ असो, ४९ असो की ४०, तिथे ब्रेक बघतातच.

आधी स्वतःच्या गाडीचं माप

व्हर्निअर विकत घ्या. साधा स्टीलचा, १५० मिमीचा चालेल, पण मोठ्या मापांसाठी २०० किंवा ३०० मिमीचा कुणाकडून तरी मागून आणा. पट्टीने हे काम होत नाही.

चार नटांची पीसीडी सोपी: समोरासमोरच्या दोन स्टडमधलं, म्हणजे नट ज्यावर बसतात त्या दांड्यांमधलं, केंद्र ते केंद्र अंतर. स्टडचं केंद्र कुठे धरायचं हा प्रश्न पडतो, तर एका स्टडच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या स्टडच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही स्टड सारख्या जाडीचे असले की ते अंतर केंद्र ते केंद्र अंतराएवढंच येतं. पाच नटांच्या गाडीत समोरासमोर स्टड नसतात. तिथे शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर असंच मोजा आणि १.७०१ ने गुणा. ६७.२ मिमी आलं तर ११४.३. ५८.८ आलं तर १००. ८२.१ आलं तर १३९.७, म्हणजे जिप्सी आणि जुन्या जीपचं माप.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. धंतोलीतल्या एका मित्राने पॅलिओला दुकानातली ४×१०० ची अलॉय घातली होती. ९८ आणि १०० मध्ये फरक फक्त २ मिमी, त्यामुळे बोल्ट 'बसले'. प्रत्यक्षात प्रत्येक भोक १ मिमी सरकलेलं होतं, बोल्टचा शंकू एकाच कडेवर टेकत होता. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग हलायचं, आणि तो महिनाभर बॅलन्सिंगच करून घेत राहिला. आम्ही चाक काढलं तेव्हा चारही भोकांत एका बाजूला चमकदार चट्टा पडलेला होता आणि दोन बोल्ट बोटाने फिरत होते. त्या दिवसापासून मी 'जवळजवळ बसतंय' हे शब्द ऐकले की चाक काढायला लावतो.

कॅलिपर ठरवतो, डिस्क नाही

आता मुख्य गोष्ट. डिस्क दोन ठिकाणी जुळावी लागते: मागे हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या तुकड्याला, आणि कडेला कॅलिपरला, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला. हबला जुळवणं म्हणजे मधलं भोक आणि नटांची भोकं. कॅलिपरला जुळवणं म्हणजे व्यास, जाडी आणि टोपीची खोली. सगळे पहिल्या गोष्टीत अडकतात. तुम्ही दुसरीपासून सुरुवात करा.

चाक काढा, कॅलिपर दोन बोल्ट सोडून वायरने सस्पेन्शनला टांगून ठेवा. ब्रेकच्या होजवर त्याचं वजन टाकू नका. कॅलिपरचा ब्रॅकेट, म्हणजे ज्या चौकटीत पॅड सरकतात ती, डिस्कच्या आड येत असेल तर तोही सोडा. मग डिस्क काढून खालची मापं वहीत लिहा. मोबाइलमध्ये नको, हात ग्रीसचे असतात.

बाहेरचा व्यास. मोठी डिस्क ब्रॅकेटला घासते. लहान डिस्कवर पॅडचा वरचा भाग कडेबाहेर लटकतो, तिथे घासला जात नाही आणि त्याला ओठासारखी कड उरते. एक-दोन मिमी कमी चालून जातं, जास्त अजिबात नाही.

जाडी. सॉलिड डिस्क एकसंध असते, व्हेंटिलेटेडच्या दोन चकत्यांमध्ये हवा जायला फटी असतात. सॉलिडच्या जागी व्हेंटिलेटेड मावत नाही, आणि उलट केलं तर कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन इतका बाहेर येतो की पॅड झिजल्यावर तो बाहेर पडण्याचा धोका असतो. डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, 'मिन टीएच' असं काहीतरी लिहून पुढे आकडा. तो आकडा आणि नव्या डिस्कची जाडी, दोन्ही लिहा.

मधलं भोक. डिस्क हबच्या मधल्या उंचवट्यावर घट्ट बसून केंद्रात राहते, नटांमुळे नाही. चाकांच्या जगात फियाटचं मधलं भोक ५८.१ मिमी, सुझुकी आणि ह्युंदाईच्या ४×१०० गाड्यांचं ५४.१, होंडा सिटीचं ५६.१ असतं. डिस्कचं मात्र वेगळं असू शकतं, कारण बऱ्याच हबांना दोन पायऱ्या असतात, एक डिस्कसाठी आणि एक चाकासाठी. म्हणून हबवर दोन्ही पायऱ्या मोजा.

आणि शेवटी टोपीची खोली. इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण मला स्वतःला ठेच इथेच लागली. डिस्क चाकाच्या बाजूने सपाट काचेवर पालथी ठेवा. काचेपासून वर आलेल्या घासणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर म्हणजे एकूण उंची. तिच्यातून टोपीच्या पत्र्याची जाडी वजा करा आणि घासणाऱ्या चकतीची अर्धी जाडी वजा करा. उरतं ते हबच्या तोंडापासून डिस्कच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर. समजा एकूण उंची ४० मिमी, टोपी ६ मिमी जाड, डिस्क २० मिमी जाड. मग ४० वजा ६ वजा १० म्हणजे २४. हीच मध्यरेषा ब्रॅकेटच्या खाचेच्या मध्यावर यायला हवी. दुसऱ्या गाडीच्या डिस्कची उंची ४४ असेल आणि बाकी सगळं सारखं असेल, तर डिस्क ४ मिमी आत सरकली.

माझ्या गाडीला मी आणलेली डिस्क व्यासाने जुळत होती, जाडीने जुळत होती, भोकांनी जुळत होती. दुकानदाराने "बसते, बिनधास्त न्या" म्हटलं आणि मीही ऐकलं. हाताने फिरवली तर फिरली. बाहेर काढून वर्धा रोडला लागलो आणि खापरीच्या आधीच डाव्या बाजूने किरर्र असा आवाज सुरू झाला. घरी येऊन बघितलं तर ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला धातू झिजून चकाकत होता. थंड असताना अर्धा मिमी फट होती. ब्रेक तापले आणि बेअरिंगवर वळणाचा भार आला की ती फट संपत होती. डिस्क आणि ब्रॅकेटमध्ये दोन्ही बाजूंना किमान २ मिमी मोकळी जागा ठेवा. पातळ वॉशर घालून कॅलिपर सरकवायचा सल्ला मिळेल. घेऊ नका.

मग वाट निवडा

आता तुमच्याकडे पाच-सहा आकडे आहेत. पुढे तीन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता: दुसऱ्या गाडीची पूर्ण जोडणी. हब, डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट, शक्य असेल तर अख्खा नकल, म्हणजे हब आणि ब्रॅकेट ज्यावर बसतात तो तुकडा. एकाच गाडीच्या गोष्टी एकमेकांशी जुळलेल्याच असतात, त्यामुळे डिस्क शोधायचा प्रश्नच उरत नाही. पुढे कधीही त्या गाडीच्या नावाने डिस्क मागायची. अडचण एवढीच की पुढच्या चाकांच्या ड्राइव्हमध्ये हबच्या आतले दात, म्हणजे स्प्लाइन, तुमच्या ड्राइव्ह शाफ्टशी संख्येने आणि जाडीने जुळायला हवेत, आणि बेअरिंगचं माप नकलशी. स्प्लाइन मोजायला खडूने एका दातावर खूण करून बोटाने मोजत जा, दोनदा मोजा. कबाड्याकडून जोडणी घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन विचारा, कारण एकाच गाडीच्या दोन इंजिनांना ब्रेक वेगळे असतात.

दुसरा रस्ता: तुमचीच डिस्क, नवी भोकं. चारवरून चारवर जात असाल, म्हणजे ९८ वरून १०० किंवा ११४.३ वरून १००, तर बहुतेकदा हाच सगळ्यात शहाणा मार्ग ठरतो. तुमच्या गाडीची नवी कोरी मूळ डिस्क घ्यायची, जी कॅलिपरला आधीच जुळते, आणि जुन्या भोकांपासून बरोबर ४५ अंशांवर नवी चार भोकं पाडून घ्यायची. १०० आणि ९८ च्या वर्तुळांवर अशी भोकं केंद्र ते केंद्र साधारण ३८ मिमी लांब येतात, १०० आणि ११४.३ मध्ये ४१ मिमी. मध्ये भरपूर लोखंड उरतं. हबलाही तशीच भोकं पाडावी लागतील, पण तेव्हाच जेव्हा हबचा फ्लँज, म्हणजे स्टड बसलेली चकती, गोल आणि अखंड असेल. वजन कमी करायला काही हबांचा फ्लँज फुलाच्या पाकळ्यांसारखा कापलेला असतो, स्टड जिथे आहेत तिथेच धातू आणि मध्ये पोकळी. तिथे हा मार्ग बंद.

चारवरून पाचवर जाणाऱ्यांनी मात्र हा रस्ता सोडून द्यावा. चार भोकं ९० अंशांवर असतात, पाच ७२ वर. ती कशीही फिरवून बसवा, कुठलं तरी एक नवं भोक कुठल्या तरी जुन्या भोकाच्या ९ अंशांच्या आत येतंच. पीसीडी १०० चीच ठेवली तर ती दोन केंद्रं ८ मिमीपेक्षाही जवळ येतात, आणि १०० वरून ११४.३ वर गेलात तरी ११ मिमीच्या आसपास. भोक स्वतः १२-१३ मिमीचं. म्हणजे भोकात भोक. कागदावर परकार घेऊन काढून बघा, दोन मिनिटांत पटतं. पाचवर जायचं तर पाच भोकांची मूळ डिस्क आणि पाच स्टडचा मूळ हबच शोधायला हवा, म्हणजे पहिला रस्ता.

तिसरा रस्ता अॅडॉप्टरचा: हबवर जाड चकती बसते, तिच्यावर नव्या मांडणीचे स्टड. यात डिस्कला हातच लावायचा नसतो. पण चाक चकतीच्या जाडीएवढं, बहुधा २० ते २५ मिमी बाहेर येतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि नटांचा एक अख्खा थर नजरेआड राहतो. रोजच्या गाडीला मी तो लावत नाही.

भोकं पाडताना

हे काम कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे ड्रिल मशीनवर करायचं नाही. हिंगणा एमआयडीसीत अशी मशीन शॉप आहेत जिथे व्हीएमसी (संगणकावर चालणारं भोकं पाडायचं मशीन) किंवा रोटरी टेबल (अंश मोजून फिरवता येणारं टेबल) असतो. तिथे जाताना वहीतली मापं नीट कागदावर काढून न्या आणि एकच गोष्ट ठासून सांगा: सगळी भोकं डिस्कच्या मधल्या भोकापासून मोजायची, बाहेरच्या कडेपासून नाही आणि जुन्या नटांच्या भोकांपासूनही नाही. बाहेरची कड केंद्रात असेलच असं नाही. १२ मिमी स्टडसाठी डिस्कमधलं भोक १२.५ ते १३ मिमी. भोकांच्या कडा चॅम्फर करून, म्हणजे तिरक्या कापून घ्या, नाहीतर ओतीव लोखंडात कडेवरून चीर सुरू होते. बऱ्याच युरोपीय गाड्यांत डिस्क हबला एक-दोन लहान स्क्रूंनी धरलेली असते; नवी भोकं त्या स्क्रूंच्या आड येत नाहीत ना, हे कागदावरच तपासा.

हबमध्ये स्टड दाबून बसवायचे असतील तर स्टडच्या मानेवरच्या दातांचा व्यास आधी मोजून भोक त्या हिशोबाने ठरवायचं. स्टड हातोडीने ठोकू नका, प्रेसने बसवा.

वापरलेली डिस्क घ्यायची वेळ आली तर तिला बोटावर अडकवून पान्याने हलकेच ठोका. निरोगी ओतीव लोखंड घंटेसारखं वाजतं; चीर असेल तर आवाज बसका येतो. पण खरं सांगायचं तर डिस्क नवीच घ्या, आणि जोडीनेच.

बसवताना

हबचं तोंड वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. गंजाची एक खपली तिथे राहिली तर डिस्क वाकडी बसते आणि दोन हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं. मग लोक म्हणतात डिस्क बेंड झाली. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने धुऊन काढा.

आता डायल गेज, म्हणजे मिमीचा शंभरावा भागही सुईवर दाखवणारं माप. तो नसेल तर ज्या मशीन शॉपमध्ये काम केलंत तिथूनच एक दिवसासाठी मागा. डिस्क हबवर चढवून सपाट वॉशर घालून नटांनी आवळा, गेजची सुई बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत टेकवा आणि हब हळू फिरवा. सुई ०.०५ मिमीच्या आत हलली तर उत्तम, ०.१ च्या वर गेली तर थांबा. डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा बघा. वाकडेपणा डिस्कबरोबर फिरला तर दोष डिस्कचा, तिथेच राहिला तर हबचा.

नटांकडे लोक शेवटी बघतात, म्हणून इथे दोन गोष्टी. सुझुकीच्या स्टडचा आटा १२×१.२५, ह्युंदाई, होंडा, टोयोटाचा १२×१.५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन आटे जातो आणि अडकतो. टायरच्या दुकानात हवेची गन लावली की तो जबरदस्तीने आत जातो आणि आटे कापले जातात. नट नेहमी आधी हाताने फिरवा: १.२५ चा असेल तर दहा फेरे, १.५ चा असेल तर आठ फेरे तरी हातानेच बसायला हवेत, तेव्हा स्टडच्या जाडीएवढा आटा पकडला जातो. दुसरं, नटाचं बूड. बहुतेक अलॉयला शंकूसारखं बूड लागतं, होंडाच्या मूळ चाकांना गोलाकार. गोल बुडाचा नट शंकूच्या खळग्यात फक्त एका रेषेवर टेकतो.

आवळायला टॉर्क पाना, समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत. १२ मिमी स्टडसाठी छोट्या गाड्यांत आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा तोच खरा.

मागचे ड्रम विसरू नका. पुढची चाकं ४×१०० आणि मागची ४×११४.३ अशी गाडी मी वाडीतल्या एका गॅरेजमध्ये उभी पाहिली आहे, मालकाकडे स्टेपनी पुढची होती आणि पंक्चर मागचं. काही गाड्यांत मागचा ड्रम आणि हब एकाच तुकड्यात असतात, तिथे ड्रमच बदलायचा किंवा तोच मशीन करून घ्यायचा. आणि हे करताना पुढच्या डिस्कचा व्यास मूळचाच ठेवा. पुढचे ब्रेक मोठे केले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलतो, तो सावरायला ब्रेक पेडलमागच्या मास्टर सिलिंडरपर्यंत काम जातं.

चाक चढवून कॅलिपर आणि रिमच्या आतल्या बाजूत सगळीकडे ३ मिमी फट आहे का, हे हाताने फिरवत बघा. रिमच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजनही या फटीत धरा.

मग पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पाय जमिनीला टेकतो. डिस्क आणि पॅड एकमेकांवर बसावेत म्हणून सकाळी सहाला आउटर रिंग रोडचा मोकळा पट्टा गाठा आणि साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण न थांबता, मध्ये अर्धा किलोमीटर ब्रेक न लावता चालवत. शेवटी थंड होऊ द्या, पार्किंग ब्रेक ओढून उभी करू नका. मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, हे दुपारी करू नका. दुसऱ्या दिवशी सेमिनरी हिल्सचा उतार सावकाश उतरून बघा: गाडी एका बाजूला ओढते का, पेडल थरथरतं का. उतरल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, स्पर्श न करता. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्या बाजूला पॅड किंवा डिस्क घासते आहे, पुन्हा ब्रॅकेटच्या खाचेकडे जा.

शंभर किलोमीटर झाले की नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. आणि वहीतली सगळी मापं, डिस्क मुळात कुठल्या गाडीची, नव्या भोकांची पीसीडी, स्टडचा आटा, नटाचं बूड, टॉर्कचा आकडा, हे एका कागदावर लिहून, लॅमिनेट करून आरसीच्या पाकिटात ठेवा. तीन वर्षांनी डिस्क बदलायची वेळ येईल तेव्हा काउंटरमागून पुन्हा "किती होलची?" विचारतील, आणि तुम्ही तो कागद पुढे करू शकाल.